‘देवाचा पुत्र आहेस तर…’ : मराठवाड्यातल्या पाळकांना आणि वडीलजनांना खुले पत्र

मराठवाड्यातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिट्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी जालना जिल्ह्यातली एक शिक्षिका. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि रविवारी सकाळी मंडळीतल्या लेकरांची शब्बाथ शाळा घेते. याला २२ वर्षं झाली. या काळात किती पाळक बदलून गेले, किती कमिट्या आल्या नि गेल्या. मी त्याच सतरंजीवर बसून तेच उतारे शिकवत राहिले. मला उपदेश करायचा अधिकार कोणी दिलेला नाही आणि तो मी मागतही नाही. पण एक गोष्ट सहा वर्षं माझ्या उरावर बसलेली आहे. ती तुमच्यापुढे मांडल्याशिवाय आता मला प्रभुभोजनाच्या भाकरीला नि प्याल्याला हात पुढे करवत नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला. येशूची रानातली परीक्षा, म्हणजे सैतानानं त्याला घातलेला मोह. मग उपदेश झाला. दारू, गुटखा, मोबाईल, सिनेमा, जत्रेतला प्रसाद, पोरींची टिकली. चाळीस मिनिटं मोहांची यादी चालली होती. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी मान डोलवत होत्या. मी मांडीवरचं शास्त्र, आपलं बायबल, उघडं ठेवून त्यातल्या एकाच शब्दाकडे बघत बसले होते. यादीतलं काहीही त्या उताऱ्यात नाही. सैतान त्या दिवशी रानात जे बोलला ते आम्ही वाचलं, उभं राहून वाचलं, आणि बाजूला ठेवून दिलं.

तो काय बोलला ते बघण्याआधी एक पान मागं जावं लागतं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो आणि आकाशातून वाणी होते : ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे.’ तोवर येशूनं काय केलं होतं? एकही आजारी बरा केला नव्हता. एकही दाखला सांगितला नव्हता. नासरेथात सुताराच्या घरी वाढलेला तिशीतला माणूस, एवढंच लोकांना ठाऊक. बापानं त्याला प्रिय म्हटलं ते काहीही करून दाखवायच्या आधी म्हटलं. त्याच्या लगेच पुढे रान आहे. चाळीस दिवस पोटात अन्नाचा कण नाही. तेव्हा तो परीक्षक जवळ येऊन म्हणतो, ‘तू देवाचा पुत्र आहेस तर ह्या धोंड्यांच्या भाकरी व्हाव्यात अशी आज्ञा कर.’

आपल्या मराठी शास्त्रात इथं भाकरीच आहेत आणि धोंडेच आहेत. मे महिन्यात अंबड-घनसावंगीकडचं रान ज्यानं अनवाणी तुडवलंय, त्याला हा उतारा कोणी समजावून सांगायला नको. पण भाकर वाईट आहे का? पुढे याच येशूनं पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातलं. भूक लागणं पाप नाही. खाणं पाप नाही. फास आहे तो त्या ‘तर’ मध्ये. यार्देनेवर जे सांगून झालं होतं, ते आता सिद्ध कर म्हणतो. मूळ ग्रीक वाक्याचा रोख ‘आहेस ना पुत्र, मग दाखव’ असा निघतो, असं एका जाणत्या पाळकांनी मला समजावलं होतं, आणि ते ऐकल्यापासून तो उतारा मला जास्तच टोचतो. आणखी एक बघा. देव म्हणाला ‘परमप्रिय पुत्र’. सैतान नुसता ‘पुत्र’ म्हणतो. प्रिय हा शब्द त्यानं वाटेत गाळला.

दुसऱ्यांदा मंदिराच्या माथ्यावर नेऊन पुन्हा तेच : देवाचा पुत्र आहेस तर खाली उडी टाक. तिसऱ्यांदा पुत्राचं नावच काढत नाही, नुसता सौदा : पाया पडलास तर सगळी राज्यं तुझी. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत, इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात उपाशीतापाशी फिरले त्या दिवसांची आठवण सांगणाऱ्या अध्यायांतली. पहिल्या उत्तराचा पहिला शब्द तर मी लेकरांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते : ‘मनुष्य’. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही. पुत्र असल्याचा पुरावा मागितला, तर तो माणसांच्या रांगेत येऊन उभा राहिला. स्वतःला सिद्ध करायला त्यानं धोंड्याला हात लावला नाही.

हे तुम्हाला का ऐकवते? तुम्ही सेमिनरीत शिकलात, मला जे कळतं ते तुम्हाला कळतंच. ऐकवायचं कारण असं की तो ‘तर’ मी आपल्या व्यासपीठावरून ऐकलाय. माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडावर फेकलेला ऐकलाय.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी हलायची, आम्ही दोघं आजीजवळ. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाच्या वहीत माझ्या आईचं नाव नव्हतं, बापाचंही अर्धंच होतं. दोघं मिळून ‘एक कोयता’, त्यावर उचल एवढी. आजी आम्हाला रोज रात्री प्रार्थना म्हणायला लावायची आणि झाल्यावर भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, ‘तू देवाचं लेकरू हायेस, इसरू नको.’ यार्देनेवरची वाणी मला पहिल्यांदा आजीच्या तोंडून ऐकू आली असं मी आज म्हणू शकते.

मोठा झाल्यावर तो एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर लागला. भट्टीवरचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, पाळी सुटली की अंगातलं पाणी नुसतं संपलेलं असतं. कारखान्याबाहेर देशीचं दुकान. आधी शनिवारी, मग रोज. लग्न झालं, दोन मुली झाल्या, पिणं वाढतच गेलं. मग एका उपवास-प्रार्थनेत तो रडला, गुडघ्यावर आला आणि थांबला. आठ महिने थांबला. ते आठ महिने माझ्या वहिनीच्या चेहऱ्यावर बघायला हवे होते. ईस्टरला त्यानं साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी त्याला आणखी तीन गावांत साक्षीला नेलं, आणि प्रत्येक ठिकाणी माईकवर सांगितलं, हा बघा जिवंत चमत्कार.

तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज वाटतं, आम्ही त्याला मंदिराच्या माथ्यावर उभं केलं. आठ महिन्यांच्या, अजून ओल्या असलेल्या माणसाला. त्याला चारचौघांत न गाजवता कोणी रोज संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर भेटलं असतं, घरापर्यंत बरोबर चाललं असतं, तर बरं झालं असतं. दुकान गेटपासून दोनशे पावलांवर होतं. तेवढीच दोनशे पावलं.

त्या वर्षी पोळ्याला तो प्याला. कारखान्यानं दोन महिन्यांचा पगार थकवला होता, घरात धाकटी आजारी होती. ही कारणं मी सफाई म्हणून देत नाही, घडलं तसं सांगते. पुढच्या रविवारी तो स्वतःहून मंडळीत आला. कोणी बोलावलं नव्हतं. दाराजवळ बसला. पाळकसाहेबांनी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन काढलं, जो देवापासून जन्मलेला आहे तो पाप करत नाही, आणि सगळ्यांसमोर त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘देवाचा असतास तर पडला नसतास. तुझा नवा जन्म झालाच नव्हता.’ प्रभुभोजन बंद केलं.

घरी येताना तो मला म्हणाला, ‘आक्का, म्हंजी ते आठ महिने बी खोटेच होते का गं?’

मी गप्प राहिले. त्याहून वाईट सांगायचं तर, मंडळीत ते वाक्य ऐकताना मी मान डोलावली होती. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा घरी परतला म्हणून रागावलेला, शेतावरून आलेला थोरला भाऊ असतो ना, तो त्या सकाळी मी होते. लोकांत आमची मान खाली गेली म्हणून मला राग होता. त्याच्या जिवाचा विचार मी नंतर केला, बऱ्याच उशिरा केला.

त्या रात्री तो पुन्हा प्याला आणि वहिनीला म्हणाला, ‘मी हायच तसा, मग कशाला झाकायचं?’ हे वाक्य मी तुमच्यापुढे ठेवते. माणूस पडला की त्याला लागतं, आणि लागतं तोवर तो उठायचं बघतो. ‘तू आमचा नव्हतासच’ असं सांगितल्यावर तो उठून कुठं जाणार? घरच राहिलं नाही. त्याच्याजवळ एकच नाव उरलं, बेवडा, आणि त्या नावाला जागणं सोपं होतं. दारूचं अवलंबित्व जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. सुटलेली दारू पुन्हा सुरू होणं हे त्या आजारात वारंवार घडतं, हे व्यसनमुक्तीचं काम करणारा कोणीही सांगेल. मी तिला पापही म्हणते. आजारही आणि पापही, दोन्ही खरं आहे. पण दोन्हींपैकी कशावरही ‘तू लेकरूच नव्हतास’ हे औषध नाही.

कधी कधी वाटतं, आपल्या भाषेनंही आपल्याला थोडं चकवलंय. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘आम्हांस परीक्षेत आणू नको.’ मार्च महिन्यात शब्बाथ शाळेतली पोरं हमखास विचारतात, ‘बाई, मग वार्षिक परीक्षेला बसायचं नाही का?’ मी हसून वेळ मारून नेत असे. आता नाही हसत. त्या पोरांना जे कळलंय तेच आपण मोठ्यांनी मनात धरलंय. परीक्षा म्हटली की पास आणि नापास. पास झाला तो विश्वासी, नापास झाला तो नामधारी. वर्षाच्या शेवटी नापास पोराचं नाव मी पटावरून खोडत नाही, शासनसुद्धा मला खोडू देत नाही. मंडळीत मात्र आपण खोडतो.

नावाची किंमत मराठवाड्याला कोणी शिकवावी असं नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि ते नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत या मातीत माणसं मारली गेली, वस्त्या जळाल्या. एका नावासाठी. आमची आजी तेव्हा म्हणायची, ‘नाव म्हंजी काय लेबल हाय का?’ म्हणून मला नवल वाटतं की बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव आपण इतक्या सहज काढून घेतो.

नावावरून दुसऱ्या एका गोष्टीकडे येते. तिच्याबद्दल आपण व्यासपीठावर एकच बाजू बोलतो. माझ्या शब्बाथ शाळेत शिकलेला एक मुलगा आज सरकारी नोकरीत आहे. त्याचा जातीचा दाखला हिंदू म्हणून आहे. नाताळला मंडळीचा फोटो काढायची वेळ आली की तो मागे सरकतो, खांबाआड उभा राहतो. मी दरवर्षी बघते. तो खोटं बोलतोय, आणि खोट्याला मी दुसरं नाव देणार नाही. ते खोटं त्याला आतून पोखरतंय हे त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून दिसतं. पण हा धोंडा त्याच्या वाटेत कोणी आणून ठेवला? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आपण बाहेरच राहिलो. २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला. गावानं मात्र कोणताही आदेश न बघता आमच्या आजोबांना बाप्तिस्म्यानंतरही गावाबाहेरच ठेवलं. आणि खरं बोलायचं तर मंडळीनं तरी काय केलं? सोयरीक जुळवताना आजही पहिला प्रश्न येतो, ‘मूळचे कोण?’ महार ख्रिस्ती वेगळे, मांग ख्रिस्ती वेगळे. ख्रिस्तामध्ये यहूदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, हे वचन आपण लग्नपत्रिकेवर छापतो. त्या मुलाला ‘दुटप्पी’ म्हणून व्यासपीठावरून नाव न घेता झोडपणारे त्याचा दशांश दर महिन्याला घेतात. मला हे सहन होत नाही.

त्याला मी याकोबाची गोष्ट सांगितली होती. आंधळ्या बापानं, इसहाकानं, विचारलं, तू कोण? याकोब म्हणाला, मी एसाव, म्हणजे थोरल्या भावाचं नाव सांगितलं. दुसऱ्याच्या नावानं आशीर्वाद घेतला आणि जीव घेऊन पळाला. पळता पळता उघड्या रानात धोंडा उशाला घेऊन झोपला, तेव्हा स्वप्नात देव त्याला काय म्हणाला? आधी खरं नाव सांग, मग बघू, असं नाही म्हणाला. म्हणाला, मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथं तुला सांभाळीन. त्या जागेचं नाव बेथेल, देवाचं घर. पुढे वीस वर्षं त्यानं मामाकडे, लाबानाकडे काढली, आणि परतताना यब्बोक नदीच्या काठी रात्रभर झुंज झाली तेव्हा त्याला पुन्हा तोच प्रश्न आला, तुझं नाव काय? त्या वेळी त्यानं खरं सांगितलं : याकोब. आणि त्याला नवं नाव मिळालं. खरं बोलायचं बळ यायला त्याला वीस वर्षं लागली, पण ते बळ ज्या सोबतीतून आलं ती पळून जायच्या पहिल्याच रात्री मिळाली होती.

आपल्या जालन्याजवळही बेथेल आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण, यांनी निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ती वस्ती उभी केली. गावकुसाबाहेरच्या लोकांना घर, विहीर, शाळा. त्या वस्तीला त्यांना दुसरं कोणतंही नाव देता आलं असतं. दिलं ते एका फसवून पळालेल्या माणसाला जिथं देवानं गाठलं त्या जागेचं. आमच्या आजीचं माहेर तिकडचं. ती ‘बेतेल’ म्हणायची आणि म्हणताना पदर डोक्यावर घ्यायची.

उचल कशी असते ते तुमच्यापैकी अनेकांना घरातून माहीत आहे. मुकादम उचल देतो ती बरोबर नडीच्या वेळी. लेकीचं लग्न, दवाखाना, श्रावणातलं रिकामं मडकं. पैसा आज हातात, घाम पुढे सहा महिने. हंगाम संपला तरी बाकी अंगावर राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या दसऱ्याला जाणं भाग. मोह तसाच चालतो. एसाव रानातून दमून आला, वरणाचा वास आला आणि म्हणाला, मी मरायला टेकलोय, ज्येष्ठपण घेऊन काय करू? भाकर आणि मसुरीचं वरण, एवढ्यावर व्यवहार झाला. एसावावर आपण पुष्कळ उपदेश करतो. मला मात्र तो वाचताना माझा बाप दिसतो, मुकादमाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा असलेला. भूक खरी होती. लबाडी त्या माणसाची, जो भुकेच्या वेळी भाकरीची किंमत नावात मागतो. मंडळीच्या पेटीतून नडलेल्या कुटुंबाला श्रावणात दोन पोती ज्वारी गेली, तर तो मोहाविरुद्धचा उपदेशच आहे, आणि चाळीस मिनिटंही लागत नाहीत. आमच्या मंडळीच्या पेटीतले पैसे गेल्या काही वर्षांत वकिलाला गेले, कंपाउंडच्या जमिनीच्या भांडणात. ‘सगळी राज्यं तुझी’ हा मोह फक्त व्यासपीठासमोर बसलेल्यांना होतो असं नाही, एवढंच म्हणून पुढे जाते.

तुम्ही म्हणाल, बाई, मग पाप चालवून घ्यायचं का? कृपा झाली म्हणून प्यावं का? हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो आणि ‘कधीच नाही’ म्हणतो. पण पुढे तो काय कारण देतो ते बघा. पाप केलंत तर तुमचा बाप्तिस्मा खोटा ठरेल, असं तो धमकावत नाही. तुमचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झालाय, तुम्ही त्याच्याबरोबर मेलात आणि त्याच्याबरोबर जिवंत आहात, हे तुम्हाला ठाऊक नाही का, असं विचारतो. नाव आठवून देतो आणि त्या नावाला शोभेल तसं चालायला सांगतो. आमच्या आजीचीच रीत. पिऊन आलेल्या भावाला सतराव्या वर्षी तिनं काठीनं मारलं होतं, मी साक्षी आहे, आणि मारतानाही रडत रडत म्हणत होती, ‘देवाचं लेकरू हायेस रे तू!’ ती पापाला भ्याली नाही, पण लेकराला तिनं कधी परकं केलं नाही.

आणि ज्या पत्रातलं वचन माझ्या भावावर उगारलं, त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की आमच्या ठायी पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला योहान ‘माझ्या मुलांनो’ अशी हाक मारून म्हणतो, तुम्ही पाप करू नये म्हणून मी हे लिहितो. पण कोणी पाप केलं तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. इथंही ‘तर’ आहे. त्याच्या पुढे बाहेरचा दरवाजा नाही, वकीलपत्र घेतलेला येशू आहे. तिसऱ्या अध्यायातलं वचन पापात घर करून राहणाऱ्याबद्दल आहे, हे तुम्ही मला शिकवायला हवं होतं. त्या रविवारी दाराशी बसलेला माझा भाऊ पापात घर करून राहायला आला नव्हता. तो घरी आला होता.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा डुकरांमागे बसून बापाला काय सांगायचं ते पाठ करतो : तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा मी नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. आपल्याकडच्या भाषेत, मला सालगडी ठेवा. पाडव्याला साल ठरवा, वर्षाचे पैसे आणि धान्य ठरवा, वाड्याच्या कडेला झोपेन. बापाजवळ पोचल्यावर तो बोलायला लागतो, पण सालगड्याचं वाक्य गोष्टीत पुन्हा येतच नाही. बापानं ते बोलूच दिलं नाही, मधेच झगा मागवला. आपण काय करतो? सहा महिने मागच्या बाकावर बस, मग कमिटी बघेल. चांगला राहिलास तर. आपण आलेल्या मुलाचं साल ठरवतो.

शिस्त असू नये असं मी म्हणत नाही. बायकोला मारणाऱ्याला, पोरींवर हात टाकणाऱ्याला मंडळीनं पोलिसांत द्यावं. तिथं ‘पुन्हा संधी’ म्हणून झाकपाक करणाऱ्या कमिट्यांवर मी वेगळं पत्र लिहीन. मी बोलते आहे ते पडून लाजलेल्या माणसाबद्दल.

आपल्या शिष्याला, पेत्राला, येशू आधीच सांगतो, गव्हासारखं तुम्हाला चाळायला सैतानानं मागितलंय. पेत्र पडणार आहे, कोंबडं आरवायच्या आत तीनदा पडणार आहे, येशूला ते ठाऊक आहे. तरी तो म्हणतो, ‘तू वळलास म्हणजे तुझ्या भावांस स्थिर कर.’ ज्यांनी हे मराठी केलं त्यांचे मी मनोमन पाय धरते. ‘वळलास तर’ असं त्यांनी लिहिलं नाही. आमच्या बोलीत ‘पाऊस पडला तर पेरू’ आणि ‘पाऊस पडला म्हणजे पेरू’ यांत केवढं अंतर आहे हे कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. पहिल्यात बी घरातच राहतं. दुसऱ्यात ते बाहेर काढून ठेवलेलं असतं.

आता विनंती. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. सहा वर्षांत मंडळीचं नाव त्यानं काढलं नव्हतं. आता तो मोंढ्यात मोसंबीच्या क्रेट उचलतो. पितो, पूर्वीपेक्षा कमी. मी खोटं सांगणार नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, ‘आक्का, त्या रजिस्टरात नाव हाय का गं अजून माझं?’ मी दुसऱ्या दिवशी मंडळीच्या कपाटातलं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढून बघितलं. कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, पण पान शाबूत आहे. त्याचं नाव, आई-बापाचं नाव, धंदा या रकान्यात ‘मजुरी’, आणि खाली त्या वेळच्या पाळकांची निळ्या शाईतली सही. कोणीही काट मारलेली नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘बरं.’

तो येईल. झावळ्यांच्या रविवारी की पावसाळ्यात, ते मला सांगता येत नाही. तो आला म्हणजे त्याला पुढे बोलावू नका. साक्ष द्यायला उभं करू नका, माईक देऊ नका. किती दिवस झाले सोडून, असं कोणी विचारू नये. दाराजवळची सतरंजी तेवढी मोकळी ठेवा, आणि प्रभुभोजनाचं ताट त्या बाजूला नेताना हात आखडू नका. त्याच्या उजव्या कानाला भट्टीच्या आवाजानं कमी ऐकू येतं, म्हणून त्याचं नाव घ्यायचं झालं तर डाव्या बाजूनं घ्या.

तुमची बहीण,
शब्बाथ शाळेची एक शिक्षिका
जिल्हा जालना